पीएचडीनंतर विज्ञान पत्रकारिता : आधी फोन करायला शिका

प्रश्न : मी पुण्यातल्या एका संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय, चौथं वर्ष संपत आलंय. एक पेपर झाला, दुसरा अडकलाय. संशोधनात पुढे राहायची इच्छा उरलेली नाही, पण विज्ञान सोडवत नाही. शेजारच्या लॅबमधली मैत्रीण मुठेच्या पाण्यातले, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू शोधते. तिच्या कामावर मी लिहिलेली पोस्ट बरीच फिरली. विज्ञान पत्रकार व्हावं असं वाटतंय. पीएचडी सोडू का? रानडे इन्स्टिट्यूटचा पत्रकारितेचा कोर्स करावा लागेल का? आणि मराठीत लिहून पोट भरतं का?

उत्तर :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यावर ठरतात. नुसतं मराठीत विज्ञान लिहून पोट भरत नाही. माझ्या पहिल्या मराठी लेखाचे ५०० रुपये मिळाले, तेही सात महिन्यांनी. चेक हातात आला तेव्हा तो कुठल्या लेखाचा हे डायरीत बघावं लागलं. आता मानधन सुधारलंय, चेकचा वेग तोच आहे. सोळा वर्षं या धंद्यात काढल्यावरही माझं घर चालतं ते इंग्रजीतल्या बातम्या, इकडून तिकडे अनुवाद, दुसऱ्यांच्या मजकुराचं संपादन आणि अधूनमधून एखादी कार्यशाळा अशा खिचडीवर. मराठी लेखन मी सोडलेलं नाही, पण त्यावर घरभाडं जात नाही.

तुम्हाला आज सीनियर फेलोशिपचे महिना ४२,००० आणि वर घरभाडं भत्ता मिळत असेल. जानेवारी २०२३ पासूनचा दर तोच आहे. फ्रीलान्सची पहिली दोन वर्षं दर महिन्याला एवढी रक्कम येईल असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

म्हणून पीएचडी सोडू नका. पहिल्या वर्षाला असतात तर मी खुशाल सोडा म्हटलं असतं. चौथ्या वर्षाच्या शेवटी सोडण्यात कष्ट सगळे झालेले असतात आणि पदरात काहीच पडत नाही. शिवाय फेलोशिप चालू आहे तोवर संध्याकाळी बसून दहा लेख छापून आणता येतात. ते दहा लेख म्हणजे तुमचा बायोडेटा. पदवीला वर्तमानपत्राच्या कचेरीत कुणी विचारत नाही. मी रुजू झाले त्या दिवशी डेस्कवरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं नावामागचं डॉक्टर वाचून मला त्याची दुखरी कंबर दाखवली होती. पदवी कामाला येते ती बाहेर. तुम्ही त्या जगातल्या आहात हे कळलं की शास्त्रज्ञ फोन ठेवत नाहीत, आणि ‘ते फार टेक्निकल आहे, तुम्हाला नाही समजायचं’ हे वाक्य तुमच्यावर चालत नाही. हे वाक्य बहुतेक वेळा अशाच ठिकाणी येतं जिथे खणायला हवं.

रानडेचा कोर्स चांगला आहे, पण तो केल्याशिवाय अडत नाही. तिथे कायदा शिकाल, बातमी लिहायला शिकाल आणि पुढे वेगवेगळ्या पेपरांत पसरणारे मित्र मिळतील; तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. पण कोर्स आणि नोकरी यांपैकी एकच जमणार असेल तर एखाद्या दैनिकात सहा-आठ महिने नोकरी करा, आणि विज्ञान मागू नका, महापालिका मागा. पाणी, कचरा, डास, दवाखाने, झाडं, नदी असं सगळं विज्ञान तिथेच स्थायी समितीच्या कागदांत पडलेलं असतं. मी डेस्कवर होते तेव्हा बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान लवकर सोडावं लागायचं. वीस मिनिटांत तीनशे शब्दांची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, दीडशेवर आणायची, चौकट काढायची, मथळा द्यायचा. थिसिसच्या एका परिच्छेदावर तीन आठवडे घालवणाऱ्या माणसाला हे औषधासारखं लागू पडतं. कडू असतं, पण लागू पडतं.

आता मुख्य गोष्ट. तुमची ती पोस्ट मी वाचलेली नाही, पण मैत्रिणीच्या कामावर प्रेमानं लिहिलेली आहे एवढ्यावरून सांगते : ती पत्रकारिता नव्हे, तो विज्ञानप्रसार. प्रसार हलका आहे असं अजिबात म्हणत नाही. मराठीत त्याची परंपरा मोठी आहे. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. जयंत नारळीकरांसारखा माणूस तर खगोलशास्त्र करता करता आयुष्यभर मराठीत लिहीत राहिला. आपल्यापैकी बहुतेकांना विज्ञानाचं वेड लागलं ते यातूनच. पण प्रसारक शास्त्रज्ञाच्या बाजूला उभा राहून वाचकाला समजावतो. पत्रकारानं वाचकाच्या बाजूला उभं राहून शास्त्रज्ञाला विचारायचं असतं : हे खरं कशावरून? पैसा कुणाचा? जे जमलं नाही ते कुठे आहे? याच विषयावर काम करणारा, पण या पेपरात नाव नसलेला माणूस काय म्हणतो?

संशोधनातून येणाऱ्यांना भाषा सोपी करणं कधी ना कधी जमतं. बाजू बदलणं जड जातं. आपण त्याच घरातले असतो ना. मलाही जड गेलं. सुरुवातीला मी माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेवर बातमी केली आणि सौजन्य म्हणून पूर्ण कॉपी तिथल्या प्राध्यापकांना वाचायला पाठवली. परत आली तेव्हा पान लाल झालं होतं. ‘हे परिणाम अजून उंदरांपुरतेच आहेत’ हे माझं वाक्य गेलं होतं आणि त्या जागी ‘भविष्यात रुग्णांना दिलासा’ आलं होतं. मी निमूटपणे मान्य केलं. संपादकांनी कॉपी वाचून एवढंच विचारलं, “ही तुमची बातमी आहे की त्यांचं प्रसिद्धिपत्रक?” त्या दिवसापासून कॉपी कुणालाही दाखवत नाही. तांत्रिक वाक्यं आणि त्यांच्या तोंडची विधानं फोनवर वाचून दाखवते, चूक असेल तर सुधारते, बाकीचं माझं. काही जण रागावतात. रागावू द्यावं.

तुमच्याकडे आधीपासून काय आहे आणि काय नाही, हे दोन प्रकरणांवरून सांगते.

जुलै २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोन संशोधकांनी ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर एक प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा पेपर, टाकलं : सोन्या-चांदीच्या नॅनोरचनेत उणे ३७ अंश सेल्सियसच्या आसपास अतिवाहकता, म्हणजे वीज कुठल्याही अडथळ्याशिवाय वाहणं, दिसते. दावा एवढा मोठा की खरा ठरता तर सगळं जग बंगळुरूला लोटलं असतं. महिन्याभरात अमेरिकेच्या एमआयटीतल्या ब्रायन स्किनर नावाच्या पोस्टडॉकचं लक्ष एका आलेखाकडे गेलं. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजण्यांमधला नॉइज, म्हणजे ते बिनकामाचे बारीक चढउतार, ठिपक्याला ठिपका जुळत होता. नॉइज कधी स्वतःची नक्कल करत नाही. पेपरच्या निष्कर्षावर सगळे बोलत असताना हा माणूस नॉइज बघत बसला होता. ही नजर तुमच्याकडे आहे. चार वर्षं तुम्ही हेच केलंय. जर्नल क्लबमध्ये दुसऱ्यांच्या आकृत्यांमधल्या एरर बारवरून भांडला आहात. पत्रकारितेच्या वर्गात ही नजर मिळत नाही.

दुसरं प्रकरण २२ मे २०२० चं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावर एक पेपर आला. ९६,०३२ रुग्ण, ६७१ रुग्णालयं. औषधानं मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग लगोलग थांबवला. आकडेवारी सर्जिस्फीअर नावाच्या एका अमेरिकी कंपनीची होती. शास्त्रज्ञांनी खुल्या पत्रातून शंका काढल्याच, पण ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाच्या वार्ताहरांनी जे केलं ते बघा. पेपरात २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियात ७३ मृत्यू दाखवले होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नोंदीत त्याच तारखेपर्यंत अख्ख्या देशात ६७ च होते. मग रुग्णालयांना विचारलं : तुम्ही या कंपनीला माहिती दिलीत का? आम्ही यांचं नावही ऐकलेलं नाही, असं उत्तर आलं. ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी पेपर मागे घेतला. यात आकडेशास्त्र कुठलं? वजाबाकी आणि टेलिफोन. हे तुम्हाला येत नाही. राग मानू नका, मलाही येत नव्हतं. संशोधक ईमेल लिहितो आणि उत्तराची वाट बघतो, वार्ताहर अनोळखी माणसाला दुपारी तीन वाजता फोन करून “तुमच्याकडे असं झालं का हो?” असं विचारतो. पहिले पन्नास फोन करताना माझ्या तळहाताला घाम यायचा.

पुण्यातलंच उदाहरण घ्यायचं तर जानेवारी २०२५ मधलं गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव हा पट्टा. रोज मथळे : ‘जीबीएसची लागण’, ‘जीबीएसचा विषाणू’. आता जीबीएसची लागण होत नाही आणि जीबीएसला विषाणू नसतो. आधी कुठला तरी संसर्ग होतो, मग शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. लागण होते ती त्या आधीच्या संसर्गाची. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता, तो जिवाणू, विषाणू नव्हे. या एका शब्दामुळे लोक मास्क लावून फिरत होते आणि नळाचं पाणी न उकळता पीत होते.

त्याच बातम्यांत छेद गायब होता, म्हणजे हे रुग्ण किती लोकांमागे, हे. जीबीएस एरवीही लाखात एक-दोघांना दरवर्षी होतोच. पुणे परिसराची लोकसंख्या ढोबळमानानं ७० लाख धरली तर वर्षाला ७० ते १४०, म्हणजे आठवड्याला एक ते तीन रुग्ण हे नेहमीचं. एका पट्ट्यात काही दिवसांत डझनांनी रुग्ण येणं म्हणजे काय, हे त्या एक ते तीनशी ताडून बघितल्यावरच कळतं. त्यात आरोग्य खात्याच्या पत्रकात ‘संशयित’ आणि ‘निदान झालेले’ असे दोन रकाने असायचे. मथळ्यात अर्थातच मोठा आकडा जायचा. हा दोन मिनिटांचा हिशेब तुम्ही अंघोळ करतानाही कराल. तोच तुमचा भाव आहे. ‘मी क्लिष्ट विषय सोपे करून लिहिते’ असं सांगत संपादकाकडे जाऊ नका, असं सांगणारे रोज येतात.

भाषेबद्दल थोडं, कारण मराठीचे खड्डे वेगळे आहेत. ‘शोध’ हाच शब्द बघा. शोध घेतला, शोध लागला, शोध लावला. न्यूटननं गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला आणि एडिसननं फोनोग्राफचाही शोधच लावला. आधीपासून असलेलं दिसणं आणि नव्हतं ते बनवणं यात आपण फरकच ठेवलेला नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत कुणी काहीही तपासलं तरी मथळ्यात ‘शोध लावला’ येतं. मी बातमीत हा शब्द शक्यतो टाळते. काय केलं ते क्रियापदानं सांगते : मोजलं, वेगळं काढलं, तुलना केली. ‘सिद्धांत’चंही तसंच, त्यात ‘सिद्ध’ बसलेलंच आहे, त्यामुळे कच्ची कल्पनासुद्धा पक्की वाटते. आणि ‘सिद्ध झाले’ हे दोन शब्द तर लेखणीतून कायमचे काढून टाका. परिभाषा कोशातला शब्द चालत नसेल तर सरळ जे बोलतो ते लिहा. ‘विकर’ लिहून कंसात एन्झाइम लिहिणाऱ्यानं वाचकाला दोनदा अडखळवलेलं असतं.

आकड्यांचा खड्डा याहून खोल. एकदा मी विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं असं लिहिलं. उपसंपादकाला वाटलं, अब्ज कुणाला कळणार? त्यानं मदत म्हणून ते १३ कोटी ८० लाख केलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं. त्या हिशेबानं डायनासोर विश्वाच्या आधी दहा कोटी वर्षं पृथ्वीवर फिरत होते. एका शाळकरी मुलानं पोस्टकार्ड पाठवून ते विचारलंही. तेव्हापासून मीच कॉपीत ‘१,३८० कोटी’ लिहून देते.

बातमीची सुरुवात कशी बदलते ते दाखवते. समजा, जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं त्यावर लिहायचंय. संशोधक असं लिहील : ‘बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर असून त्यातील पाणी क्षारयुक्त व अल्कधर्मी आहे.’ सगळं बरोबर, आणि वाचक दुसऱ्या पानावर. माझी पहिली ओळ अशी असेल : ‘लोणारचं पाणी कुणी रंगवलं नाही, ते आटलं, खारट झालं, आणि खारात सुखानं राहणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला.’ हॅलोआर्किया हे नाव तिसऱ्या वाक्यात येईल. विवराचा व्यास शेवटच्या परिच्छेदात, जागा उरली तर. थिसिसमध्ये निष्कर्ष शेवटी असतो, बातमीत तो सगळ्यात वर असतो आणि उपसंपादक खालून कापत येतो. हे एकदा अंगवळणी पडलं की निम्मं काम झालं.

सुरुवात कुठून करायची? केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘अवसर’ ही लेखनस्पर्धा सुरू केली, त्यात अनेकांनी आपल्याच संशोधनावर लिहून हात साफ करून घेतला. ठीक आहे, पण तोही प्रसारच. बंगळुरूच्या गुब्बी लॅब्जचं ‘रिसर्च मॅटर्स’ संशोधनाच्या बातम्या मराठीतही देतं; ‘मोंगाबे इंडिया’ आणि ‘डाउन टु अर्थ’ पर्यावरणावरच्या मजकुरासाठी बाहेरचे लेखक घेतात. ‘लोकसत्ता’च्या ‘कुतूहल’सारखं छोटं सदर शब्दसंख्या पाळायला शिकवतं. सरकारी आधार मात्र गृहीत धरू नका. १९८९ साली स्थापन झालेली ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था २०२३ मध्ये बंद झाली.

संपादकाला विषय सुचवताना दोन ओळींत सुचवा. ‘मला प्रतिजैविक प्रतिकारावर लिहायचंय’ हा विषय झाला, बातमी नव्हे. काय घडलं, आत्ताच का, आणि मी कुणाकुणाशी बोललेय, एवढं पुरे. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. हो, परत फोन.

एम्बार्गोचंही, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी बातमी न छापण्याच्या अटीचंही, सांगून ठेवते. ‘नेचर’चे पेपर बुधवारी लंडनच्या दुपारी चारला खुले होतात, आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेआठ. डाक आवृत्ती तोवर गेलेली असते. म्हणून पेपर आधी मागवून, माणसांशी बोलून, बातमी दुपारीच लिहून ठेवायची आणि वेळेआधी अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही. एकदा फोडलीत की ‘नेचर’वाले तुम्हाला आगाऊ पेपर मिळणाऱ्यांच्या यादीतून काढतात.

संशोधन संस्थांमध्ये संज्ञापन अधिकारी, म्हणजे संस्थेचं काम लोकांपर्यंत पोचवणारे, म्हणून जागा निघतात. पगार नियमित, लोक ओळखीचे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी तिकडे गेल्या आणि सुखात आहेत. तो प्रामाणिक धंदा आहे, पण तिथे तुम्ही संस्थेच्या बाजूनं बोलणार. दोन्ही दगडांवर पाय ठेवून त्याच संस्थेवर बातम्या करता येत नाहीत. आज काही ठरवू नका, पण अर्ज करताना आपण कुठल्या नोकरीचा करतोय हे नीट माहीत असू द्या.

आता तुमच्या पत्रातली मुठा. मैत्रिणीच्या कामावर तुम्ही पुन्हा लिहू नका. ती तुमची मैत्रीण आहे आणि संस्था एकच आहे. ती बातमी दुसऱ्या कुणाला तरी द्या. पण नदी कुणाची मैत्रीण नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत सोडलेलं पाणी कुठे कुठे तपासलं जातं, त्यात या जिवाणूंची तपासणी होते का, होत नसेल तर ती करायची जबाबदारी कुणाची, हे तिन्ही प्रश्न तुम्हाला आजच विचारता येतील. मैत्रिणीला फक्त एवढं विचारा की नमुने कुठून घेतले. मग सोमवारी अकराच्या सुमारास महापालिकेच्या मलनिस्सारण विभागात फोन लावा. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगतील. चारला परत लावा. तोवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाचा नंबर काढून ठेवा, आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहून तयार असू द्या. चारलाही मीटिंगच चालू असते.